ऑनलाइन किराण्याच्या ॲपवर बिअर-वाईन ठेवायची आहे, परवाना कोणता लागेल?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजून उत्तर देतोय ते तुम्हाला कळेल. पुण्यात बाणेर-बालेवाडी पट्ट्यात तीन वर्षांपासून तुम्ही ऑनलाइन किराणा पोहोचवता. एक गोडाऊन, चार टेम्पो, दुचाकीवरची अकरा मुलं. शनिवार-रविवारी गिऱ्हाईक वेफर्स, सोडा, बर्फ मागवतं आणि शेवटी विचारतं, 'बिअर नाही का ठेवत?' तुम्हाला बिअर-वाईनचा परवाना कसा आणि कितीत मिळेल हे हवंय. तोवर शेजारच्या वाईन शॉपशी करार करून त्यांचा माल आपल्या ॲपवर दाखवला तर चालेल का, हेही विचारलंय. शिवाय एका एजंटाने 'सुपरमार्केटचा वाईन परवाना, वर्षाला ५,००० रुपये' असं सांगितलंय.

मी बावीस वर्षं पुणे जिल्ह्यात राज्य उत्पादन शुल्क खात्याकडची परवान्यांची कामं करतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा प्रश्न 'कोणता परवाना' इथे सुरू होत नाही. दारू विकायचा परवाना आणि दारू घरपोच द्यायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुम्हाला मिळू शकते. दुसरी महाराष्ट्रात किराण्याच्या ॲपला द्यायला आज परवान्याचा प्रकारच नाही. पुढचं सगळं या एका फरकावर अवलंबून आहे.

हा फरक समजायला आपला कायदा कुठून आला ते पाहावं लागतं. बरेच जण म्हणतात, गोव्यात सुपरमार्केटमध्ये तांदूळ-तेलाच्या पुढच्या रॅकवर बाटल्या असतात, मग इथे काय अडतं? गोव्याचा १९६४ चा उत्पादन शुल्क कायदा कर वसूल करण्यासाठी केलेला आहे. आपला १९४९ चा आहे, तेव्हाच्या मुंबई प्रांताचा, आणि त्याच्या नावातच दारूबंदी आहे. गुजरातेत आज जी दारूबंदी चालते ती याच जुन्या मुंबई कायद्याच्या पोटातून आलेली. आपल्याकडे पुढे परवान्यांची दारं उघडली, पण मूळ घर तेच राहिलं. कलम १२ वाचा. दारू बनवणं, बाळगणं, वाहून नेणं, विकणं आणि विकत घेणं, सगळ्याला मनाई. ज्याच्याकडे परवाना आहे त्याला तेवढ्यापुरती सूट. म्हणून इथे 'मनाई कुठे लिहिली आहे?' असं विचारून उपयोग नसतो, 'परवानगी कुठे लिहिली आहे?' असं विचारावं लागतं. किराण्याच्या धंद्यातून आलेल्या माणसाला ही उलटी सवय लावून घ्यायला वेळ लागतो. आणि परवानगी मागणं हा आपला मूलभूत हक्कही नाही. मद्याच्या धंद्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज खटल्यात हे फार पूर्वीच स्पष्ट केलं आहे.

आता एजंटाच्या ५,००० रुपयांविषयी. ही गोष्ट त्याने हवेतून काढलेली नाही. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने तसा निर्णय घेतला होता. १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये सव्वादोन घनमीटरच्या कुलूपबंद कपाटात फक्त वाईन ठेवायची, वर्षाला ५,००० रुपये शुल्क. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या, जूनमध्ये सरकार बदललं आणि निर्णय अंमलात आलाच नाही. तेव्हाची बातमीची कात्रणं दाखवून आजही पैसे घेणारे लोक फिरतात. माझ्याकडे अशी तीन माणसं आली आहेत, एकाने तर फ्रीजसुद्धा विकत घेतला होता. एजंटाला पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर पावती मागा.

खरे पर्याय दोन. एफएल-२ म्हणजे आपण ज्याला वाईन शॉप म्हणतो तो परवाना. सीलबंद विदेशी मद्य, बिअर, वाईन, सगळं विकता येतं. पण १९७०च्या दशकापासून राज्यात सर्वसामान्य अर्जदाराला नवा एफएल-२ दिलेला नाही. जे आहेत ते हस्तांतराने फिरतात आणि पुण्यासारख्या शहरात त्यांची किंमत कोटींच्या घरात जाते. तुमच्या धंद्याचा आकार पाहता मी तो विषय इथेच सोडतो.

दुसरा एफएल/बीआर-२, म्हणजे बिअर शॉपी. बिअर आणि वाईन, सीलबंद, दुकानातून नेण्यासाठी. हा नव्याने मिळतो आणि तुम्हाला हवा तो हाच. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, पण सगळं काम उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयातून चालतं. शुल्क गावा-शहराच्या लोकसंख्येप्रमाणे ठरतं आणि सरकार ते वेळोवेळी बदलतं, म्हणून आकडा इथे लिहीत नाही, कार्यालयातून चालू वर्षाचा घ्या. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. जानेवारीत परवाना हातात आला तरी मार्चअखेर नूतनीकरण आलंच.

अर्ज बहुतेक वेळा अडतो तो जागेवर. म्हणून जागेचं जरा सविस्तर सांगतो. गाळा व्यापारी वापराचा हवा, मंजूर नकाशात तसा दाखवलेला हवा. गृहनिर्माण सोसायटीच्या आवारातला असेल तर सोसायटीचं ना हरकत लागेल, असं सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केलं आहे. बाणेरमध्ये तळमजल्यावर गाळे आणि वर फ्लॅट अशीच रचना जास्त, त्यामुळे तुमच्या बाबतीत हाच कागद सगळ्यात जड जाईल. शाळा आणि प्रार्थनास्थळापासूनचं अंतर मोजलं जातं. मी स्वतः निरीक्षकांबरोबर भर उन्हात टेपचं एक टोक धरून उभा राहिलो आहे. एका अर्जात सगळं जुळलं होतं, पण मागच्या गल्लीत एका बंगल्याच्या तळमजल्यावर बालवाडी निघाली. अर्जदाराने भाडेकरार करून सहा महिने भाडं भरलं होतं. तुम्ही भाडेकरार करण्याआधी त्या भागात सकाळी शाळेच्या वेळेला एकदा आणि संध्याकाळी आरतीच्या वेळेला एकदा पायी फिरून या. कागदावर न दिसणारी शाळा आणि देऊळ तेव्हा दिसतं. महामार्गाचंही बघा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकानं बंद केली होती, नंतर महापालिका-नगरपालिका हद्दींना त्यातून मोकळीक मिळाली. बाणेर महापालिकेत आहे, पण उद्या हद्दीबाहेरच्या गावात दुसरी शाखा काढाल तेव्हा ही अट पुन्हा समोर येईल.

किराण्याच्या गोडाऊनमधला एक कोपरा दाखवून परवाना मागू नका. स्वतंत्र गाळा, स्वतंत्र दार, स्वतंत्र हिशेब. परवाना त्या चार भिंतींना आणि त्या नावाला मिळतो. बिअरचा एक खोका रात्रीपुरता गोडाऊनला ठेवला तरी तो विनापरवाना साठा होतो. काउंटरवर विक्री करणारा प्रत्येक माणूस नोकरनाम्यावर हवा. नोकरनामा म्हणजे अधीक्षक कार्यालयाने मान्य केलेलं तुमच्या नोकरांचं ओळखपत्रच समजा. गिऱ्हाइकालाही कायद्याने पिण्याचा परवाना लागतो: एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आजीवन १,०००. बिअरसाठी वय २१, कडक मद्यासाठी २५. हे वय दारात उभं राहून कोण तपासणार, हा घरपोच सेवेतला सगळ्यात कठीण प्रश्न आहे आणि म्हणूनच खातं या विषयात सावध आहे.

आता घरपोच. तुम्ही म्हणाल, करोनात तर मिळत होती. होय. मे २०२० मध्ये सरकारने टाळेबंदीपुरती घरपोच विक्रीची परवानगी दिली होती. तिच्या अटी मला पाठ आहेत, कारण त्या आठवड्यात माझा फोन रात्री दोनपर्यंत वाजत होता. परवानगी दुकानदाराला होती. एका दुकानाला १० पेक्षा जास्त पोहोचवणारी माणसं नकोत, एका फेरीत एका माणसाकडे २४ पेक्षा जास्त बाटल्या नकोत, माणसाची वैद्यकीय तपासणी, खात्याचं ओळखपत्र, आणि माल फक्त पिण्याचा परवाना असलेल्या गिऱ्हाइकाच्या घरी. म्हणजे सूट देतानासुद्धा सरकारने मध्ये कुणी तिसरा आणला नाही. ती सूट टाळेबंदीबरोबर संपली. त्या आदेशाची प्रत दाखवून आज कुणी तुमच्याशी करार करायला आलं तर त्या कागदाला किंमत नाही.

शहरात काही दुकानं फोनवर माल पाठवतात, ते मलाही दिसतं. ते ज्याच्या त्याच्या जोखमीवर चाललं आहे. ती जोखीम कुणाच्या अंगावर येते ते एका प्रसंगातून सांगतो.

२०२१ च्या ३१ डिसेंबरची संध्याकाळ. तुमच्यासारखीच एक किराणा सेवा, शेजारच्या दुकानाशी तोंडी ठरलेलं. ऑर्डर किराण्याच्या नंबरवर यायची, मुलगा दुकानातून बाटल्या उचलायचा आणि किराण्याच्या पिशवीतून द्यायचा. नाकाबंदीत एका मुलाची पिशवी उघडली. वर कोथिंबिरीची जुडी, लिंबं, दह्याचा डबा आणि खाली बिअरच्या सहा बाटल्या. बिल किराण्याचं होतं. त्यावर छापलं होतं, 'इतर किराणा – ६ नग'. दुकानाचं बिल नाही, नोकरनाम्यावर नाव नाही, गिऱ्हाइकाचा परवाना माहीत नाही. गुन्हा त्या मुलावर दाखल झाला आणि गाडी जप्त झाली, कारण दारू ज्या वाहनातून नेली ते वाहन सरकारजमा करण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ९८ मध्ये आहे. गाडी त्याच्या वडिलांच्या नावावर होती, हप्ते चालू होते. दुकानाला कारणे दाखवा नोटीस आली. किराणावाल्याने मला रात्री साडेअकराला बोलावलं. तो मुलगा बाकावर बसून एकच विचारत होता, पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय, त्यात हे लिहावं लागेल का? त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माझी जीभ वळली नाही. तुमच्याकडे अशी अकरा मुलं आहेत. म्हणून हा मुद्दा मी तुम्हाला जोर देऊन सांगतोय.

'मग आम्ही माल हातात घेणार नाही, फक्त ॲपवर दुकान दाखवू आणि कमिशन घेऊ', हा तुमचा पुढचा विचार असेल. बंगळुरूत हिपबार नावाच्या कंपनीने ॲपवर मद्याची ऑर्डर घेऊन घरपोच द्यायचा धंदा उभा केला होता. जानेवारी २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने, तिथल्या कायद्यात ऑनलाइन विक्री आणि घरपोच सेवेला आधार नाही, असं म्हणून त्यांची याचिका फेटाळली. कायदा त्यांचा वेगळा, पण तत्त्व आपल्याकडे जास्तच कडकपणे लागू होईल. आपल्या कायद्याची कलमं २३ आणि २४ मद्य घ्यायला उद्युक्त करणं आणि त्याची जाहिरात करणं यांना मनाई करतात. ॲपवर बाटलीचं चित्र, खाली 'आज १० टक्के सूट' आणि शेजारी 'कार्टमध्ये टाका', याला जाहिरात म्हणायचं नाही तर काय, असा प्रश्न अधिकारी विचारणारच. विक्रीच्या टक्क्यांत कमिशन घेतलंत तर दुसरी अडचण. परवान्याच्या नफ्यात वाटा घेणारा, पण परवान्यावर नाव नसलेला माणूस म्हणजे खात्याच्या नजरेत लपलेला भागीदार. परवान्यात भागीदार घ्यायचा तर आधी मंजुरी लागते आणि १९५४ च्या नियमांप्रमाणे विशेषाधिकार शुल्क भरावं लागतं.

याच कारणासाठी बिअर शॉपी काढलीत तर ती किराण्याच्या कंपनीच्या नावाने काढू नका. उद्या कुणी तुमच्या कंपनीत पैसे गुंतवायला आला आणि भागधारक बदलले, तर परवान्याचा विषय पुन्हा खात्यासमोर जाईल आणि गुंतवणूकदार तितका थांबणार नाही. वेगळी फर्म ठेवा.

वेगळी फर्म ठेवायचं आणखी एक कारण आहे आणि ते माझ्याकडे येणाऱ्या किराणावाल्यांपैकी जवळजवळ कुणालाच माहीत नसतं. पिण्याचं मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा कर लागतो. किराणा आणि बिअर एकाच जीएसटी नंबरखाली विकलीत तर बिअरची विक्री तुमच्या हिशेबात करमुक्त पुरवठ्यात मोडते. मग गोडाऊनचं भाडं, सॉफ्टवेअर, टेम्पोची दुरुस्ती अशा सामाईक खर्चांवर तुम्ही जो इनपुट क्रेडिट घेता, म्हणजे खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट, तो त्या प्रमाणात परत करावा लागतो. बिअरची विक्री रकमेने मोठी असते, त्यामुळे एकूण उलाढालीत तिचा वाटा पाहता पाहता वाढतो आणि क्रेडिट तितकं जातं. तुम्ही कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असाल तर याहून वाईट: जीएसटी कायद्याच्या कलम १०(२) प्रमाणे जीएसटी न लागणारा माल विकणारा त्या योजनेत राहूच शकत नाही. एक खोका बिअर विकलीत तरी सगळ्या किराण्याची सवलत गेली. तुमच्या सीएंना हे दोन मुद्दे आजच विचारा.

ऑनलाइन पैसे घेण्याचंही तसंच. पेमेंट गेटवे प्रत्येक धंद्याच्या प्रकाराला एक कोड लावतात. तुमचं खातं किराण्याच्या कोडवर, ५४११ वर, उघडलेलं असणार. मद्याच्या दुकानांचा कोड वेगळा, ५९२१. किराण्याच्या खात्यावर बाटल्यांचे पैसे घेतलेत आणि गेटवेच्या लक्षात आलं, तर ते सगळं खातं थांबवतात आणि त्यात तुमच्या दूध-भाजीचे पैसेही अडकतात.

इतर राज्यांत चालतं हे खरं आहे. झारखंड, ओडिशा आणि पश्चिम बंगाल या सरकारांनी २०२० मध्ये ॲपना परवानगी दिली, रांचीत स्विगीने त्याच मे महिन्यात सुरुवात केली. मद्य हा घटनेने राज्यांचा विषय आहे, म्हणून एका राज्याची परवानगी दुसऱ्या राज्यात दाखवता येत नाही. दिल्लीने २०२१ मध्ये नियमांत ॲपवरून घरपोचची तरतूद केली, पण प्रत्यक्षात ती सेवा उभी राहिलीच नाही. आपल्याकडेही २०१८ मध्ये एका मंत्र्यांनी घरपोच मद्याचं बोलून दाखवलं आणि गदारोळ झाल्यावर सरकारने माघार घेतली. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे आजही पूर्ण बंद आहेत. गावोगावच्या बाया 'आडव्या बाटली'ला मतदान करून दुकानं बंद पाडतात. ज्या राज्यात हा विषय एवढा जिव्हाळ्याचा आहे तिथे असा नियम एका रात्रीत येईल या भरवशावर ॲपमध्ये पैसे घालू नका. त्या बायांचं म्हणणं मला पटतं, आणि परवानाधारकाने नियमाने धंदा करावा हेही पटतं.

तुमच्या जागी मी काय करेन ते सांगतो. ॲपवर सोडा, टॉनिक, बर्फ, ग्लास, फरसाण हे नीट मांडेन. शून्य अल्कोहोलची बिअर ठेवेन, कारण अन्नसुरक्षेच्या नियमांत ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असेल तरच ते मद्यपेय ठरतं. लेबल मात्र प्रत्येक ब्रँडचं स्वतः वाचून. तुमची शनिवारची गिऱ्हाइकं एवढ्यावर बऱ्यापैकी टिकतील. बिअर शॉपी खरंच काढायची असेल तर वेगळ्या फर्मने, वेगळ्या गाळ्यात, काउंटर विक्रीच्या हिशेबावर परवडते का ते पाहून. घरपोच विक्री त्या हिशेबात शून्य धरा. तेवढ्यावर परवडत नसेल तर काढू नका. काढलीत तर ड्राय डे, मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि जिल्हाधिकारी गणपती-मिरवणुकीला बंद ठेवायला सांगतील ते दिवस, हेही हिशेबातून वजा करा.

आणि कुणाच्याही तोंडी शब्दावर जाऊ नका, माझ्याही. अधीक्षकांच्या नावे एक पानाचा अर्ज लिहा. त्यात तीनच प्रश्न विचारा: एफएल/बीआर-२ परवानाधारकाला गिऱ्हाइकाच्या घरी माल पोहोचवायला आज कोणता आदेश लागू आहे, परवानाधारकाने आपली दरसूची संकेतस्थळावर दाखवली तर चालेल का, आणि ऑर्डर ऑनलाइन नोंदवून गिऱ्हाइकाने दुकानात येऊन, परवाना दाखवून, तिथेच पैसे देऊन माल नेला तर हरकत आहे का. तिसऱ्याचं उत्तर होकारार्थी आलं तर तुमच्या ॲपचा काहीतरी उपयोग होईल. अर्ज दोन प्रतींत न्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. महिनाभरात उत्तर आलं नाही तर त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या. उत्तर आलं की इथे टाका, मी वाचून पुढचं सांगेन.